साधने मुख्य रेपॉझिटरीतच का, हे तुम्ही विचारलेत म्हणून

मराठी शुद्धलेखन तपासणाऱ्या आमच्या मुक्तस्रोत शब्दकोशाच्या कामात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो. वापरणाऱ्याला शब्दसूची आणि प्रत्ययांचे नियम एवढेच हवे असते, मग ती सूची तपासणाऱ्या आणि स्वच्छ करणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे केवळ काम करणाऱ्यांची साधने, त्याच रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात, कशासाठी? विचारणाऱ्याच्या सुरात बहुधा असा भाव असतो की हा विचार आम्हाला सुचलाच नसावा. तो सुचला होता. साधने वेगळी काढण्याचा प्रस्ताव मीच लिहिला होता आणि त्यातली कारणे आजही मला खोटी वाटत नाहीत.

हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला दोनच फाइली लागतात, एक शब्दांची आणि एक प्रत्ययनियमांची. लिब्रेऑफिसमध्ये शब्दकोश बसवणाऱ्याचा आमच्या पायथन स्क्रिप्टशी काही संबंध येत नाही. शिवाय देवनागरी मजकूर एकसारखा करणारी स्क्रिप्ट कोकणीला आणि नेपाळीलाही उपयोगी आहे, आणि त्या मंडळींनी तेवढ्यासाठी आमची संपूर्ण मराठी सूची उतरवून घ्यावी, हे मला अन्यायाचे वाटत होते. प्रस्ताव मान्य झाला आणि साधने दुसऱ्या रेपॉझिटरीत गेली.

पुढे जे घडले ते नीट कळण्यासाठी एक तांत्रिक बाब सांगणे भाग आहे. ‘वऱ्हाड’मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: युनिकोडमधील ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, किंवा ०९३० क्रमांकाचा साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करण्याची पद्धत) त्यांना एक करत नाही. त्यामुळे सूचीत एक रूप आणि लिहिणाऱ्याच्या मजकुरात दुसरे रूप असेल, तर बिनचूक लिहिलेल्या ‘गाऱ्हाणे’ या शब्दाखालीही लाल रेघ येते. आमची सूची पूर्वी दुसऱ्या रूपात होती आणि ती पहिल्या रूपात न्यावी, असे चर्चेअंती ठरले. साधनाच्या रेपॉझिटरीत हा बदल लगेच झाला. सूचीतला आणि प्रत्ययनियमांतला बदल मात्र एका ब्रँचवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या शाखेवर, तपासणीची वाट पाहत राहिला.

नेमक्या त्या मधल्या काळात नागपूरच्या एका महाविद्यालयातली विद्यार्थिनी आमच्याकडे आली. काटोलकडच्या आजोळी ऐकलेले वऱ्हाडी शब्द तिने वहीत टिपून ठेवले होते आणि ‘पऱ्हाटी’सारखा शब्द, जो आमच्या भागात कापसाच्या झाडासाठी घरोघरी बोलला जातो, शब्दकोशाला चुकीचा वाटतो याचे तिला मनापासून वाईट वाटत होते. मार्गदर्शिकेत लिहिल्याप्रमाणे तिने दोन्ही रेपॉझिटरी उतरवून घेतल्या, शब्द भरले, साधन चालवले आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवली. नव्या साधनाने जुन्या सूचीतला प्रत्येक अर्धा र बदलला होता: बिऱ्हाड, तऱ्हा, चऱ्हाट, वऱ्हाड, सगळे. प्रत्ययनियमांची फाइल ते साधन हाताळत नव्हते, म्हणून ‘शेतकरी’पासून तयार होणारे ‘शेतकऱ्यांना’ जुन्याच रूपात राहिले आणि चाचण्या नापास झाल्या. तिचे स्वतःचे शब्द त्या सगळ्या बदललेल्या ओळींमध्ये कुठे शोधावेत, हे कळत नव्हते. तपासणाऱ्याने तिला सर्वांसमोर विचारले की सगळ्या सूचीला हात लावायला तुला कोणी सांगितले. बदल पडद्यावर दिसतच नव्हते, तेव्हा तिने काय उत्तर द्यावे? तिने मार्गदर्शिकेतला परिच्छेद दाखवला, मग पुन्हा एकदा दाखवला आणि नंतर उत्तर देणे थांबवले.

धरमपेठेतल्या आमच्या बैठकीला मी तिला आग्रहाने बोलावले, परंतु ती आली नाही. तिचे शब्द आम्ही पुढे एकेक करून निवडून घेतले आणि कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, तिचेच नाव ठेवले. तपासणाऱ्याचे बोलणे कठोर होते, पण त्याच्यासमोर जे आले होते ते पाहता ते अनाकलनीय नव्हते. सूची आणि साधन यांची जोडी कोणती, हे कुठेच नोंदलेले नव्हते, आणि त्या रिकाम्या जागेची किंमत सगळ्यांत नव्या माणसाने मोजली, ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

त्यानंतर साधने इतिहासासकट परत आणण्यात आली. आता कोणतीही जुनी कमिट उघडली की त्या दिवशीची सूची आणि त्या दिवशीचे साधन एकत्र मिळते. गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीतल्या बायसेक्ट या दोष शोधण्याच्या सोयीने हजार कमिटींमधला दोष सुमारे दहा पायऱ्यांत सापडतो, पण प्रत्येक पायरीवर साधनाची आवृत्ती अंदाजाने शोधावी लागत असेल, तर त्या सोयीला काही अर्थ उरत नाही. सबमॉड्यूल, म्हणजे एका रेपॉझिटरीत दुसरीची ठरावीक आवृत्ती जोडण्याची सोय, ही जोडी नोंदवून ठेवते, हे मला मान्य आहे. परंतु जादा आज्ञा दिल्याशिवाय क्लोन केले, म्हणजे रेपॉझिटरी उतरवून घेतली, की साधनांचा फोल्डर रिकामा राहतो, आणि आमच्याकडे येणारे अनेक जण गिट पहिल्यांदा आमच्याकडेच शिकतात.

मोठ्या प्रकल्पांची उदाहरणे मला दोन्ही बाजूंनी ऐकवली जातात. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, पर्फ हे कामगिरी मोजणारे साधन २००९ पासून कर्नलच्याच रेपॉझिटरीत आहे, तर स्पार्स हे कर्नलसाठीच लिहिलेले तपासणीचे साधन बाहेर आहे. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने २०१९ मध्ये आपले विखुरलेले भाग एकाच रेपॉझिटरीत आणले, गो या प्रोग्रॅमिंग भाषेची कित्येक साधने मात्र वेगळ्या रेपॉझिटरीत सुखाने नांदतात. यातून मी एवढेच घेते की ज्या साधनाला माहितीबरोबर एकाच कमिटमध्ये बदलावे लागते, ते माहितीजवळ असावे.

उतरवून घेणाऱ्याचा भार हा आक्षेप आता उरलेला नाही, कारण गिटअ‍ॅट्रिब्यूट्समधल्या एक्सपोर्ट-इग्नोर (‘संग्रहातून वगळा’) या खुणेमुळे प्रकाशित संग्रहात साधने जातच नाहीत. कोकणीचा आक्षेप मात्र शिल्लक आहे. तिथल्या एका कार्यकर्त्याने आमची स्क्रिप्ट उचलून स्वतःकडे ठेवली, आणि आता दोन्ही प्रतींत वेगवेगळ्या दुरुस्त्या होत आहेत. प्रस्ताव लिहिणारी ती पूर्वीची मी याच गोष्टीचा इशारा देत होते, आणि तिला सांगण्यासारखे माझ्याकडे आज काहीही नाही. सामान्यीकरणाचा तेवढा भाग स्वतंत्र पॅकेज म्हणून काढावा, अशी नवी सूचना सध्या आमच्यापुढे आहे. तिला मी विरोध केलेला नाही आणि होकारही दिलेला नाही. पॅकेजची नेमकी आवृत्ती सूचीच्याच कमिटमध्ये बांधलेली असेल आणि नव्या माणसाला एकदाच क्लोन करून एकाच आज्ञेने काम सुरू करता येईल, हे कोणी करून दाखवले, तर मी पुन्हा चर्चेला बसेन.