तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सेट’चे इतके अर्थ पाठ कसे करायचे?

मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, आणि प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी वैतागून हे विचारतंच, की मॅडम, या ‘सेट’ला अर्थ तरी किती, आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

किती, ते आधी सांगते. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीची दुसरी आवृत्ती 1989 साली 20 खंडांत आली, त्यात ‘सेट’ या क्रियापदाचे 430 अर्थ दिलेत आणि तेवढी एकच नोंद साधारण 60,000 शब्दांची आहे, म्हणजे एक छोटी कादंबरीच की! (पुढे नव्याने काम करताना ‘रन’ने त्याला मागे टाकलं, 645 अर्थ, पण ते परत कधीतरी.)

पण पाठ करू नका, खरंच नका करू.

एकदा एकाने ‘डॉक्टरांनी त्याचा हात सेट केला’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचं भाषांतर केलं, ‘डॉक्टरांनी त्याचा हात ठेवला’. मी म्हटलं, डिक्शनरी मिटा आणि सांगा, हाड मोडल्यावर डॉक्टर काय करतात? तो म्हणाला, हाड बसवतात. बरं, सोनार कोंदणात हिरा काय करतो? बसवतो. आणि मग तो स्वतःच थांबला, कारण त्याला दिसलं की दोन्हीकडे ‘सेट’च आहे.

गंमत म्हणजे हा शब्द मुळात तोच आहे. जुन्या इंग्रजीतलं ‘सेट्टान’ म्हणजे ‘बसायला लावणे’, ‘सिट’चं प्रयोजक रूप, जसं आपलं बसणे आणि बसवणे. आणि ‘सिट’चं मूळ आपल्या संस्कृतातल्या ‘सद्’शी जुळतं, सदन आणि संसद मधला तोच सद्. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते! आता बघा, सिमेंट सेट होतं म्हणजे जागच्या जागी घट्ट बसतं, आणि सूर्य ‘सेट’ होतो म्हणजे खाली जाऊन बसतो. सगळीकडे मराठीत बसवणे चालत नाही हे खरंय, आपण गजर लावतो, सापळा लावतो, टेबल मांडतो, परीक्षेचा पेपर काढतो, पण प्रत्येकात काहीतरी नेमक्या जागी नेऊन ठेवणं आहेच.

मग ‘कपांचा सेट’, गणितातला संच? तो वेगळाच शब्द आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेला, मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट, त्यातूनच ‘सेक्ट’ पण आला. दोन शब्द दिसायला सारखे झाले आणि आपण दोघांचा हिशोब एकाच खात्यात लिहीत बसलो.

‘सेट ऑफ’, ‘सेट अप’ वगैरे जोडशब्द मात्र वाचता वाचताच अंगवळणी पडतात, तिथे माझ्याकडे शॉर्टकट नाही.

आणि अर्थांची भीती वाटत असेल तर आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, वेळ लागतो, नाद लागतो आणि तो माझा मामाही लागतो. यातला एक तरी अर्थ तुम्ही पाठ केला होता का?