पेडल नसलेलं मशीन

विजेवरचं जुनं शिलाई मशीन हाती येतं तेव्हा बाकी सगळं शाबूत असतं. काळा चकचकीत रंग, सोनेरी वेलबुट्टी, बॉबिनची केस, कधी सुयांची डबीसुद्धा. नसतं ते पेडल. ओतीव लोखंडाचं धूड हरवणार कसं? पेडल मात्र वायरींच्या गुंत्यात जातं आणि हे कशाचं, ते कुणालाच सांगता न आल्याने एक दिवस भंगारात निघतं.

अर्थात, हरवलं म्हणण्याआधी मशीनच्या बैठकीला पुढून भोक आहे का, ते बघून घ्यावं. सिंगरच्या ९९के सारख्या काही मशिनांत त्या भोकात वाकवलेली सळई बसायची आणि ती गुडघ्याने रेटली की मशीन चालायचं. तिथे पेडल शोधत बसण्यात अर्थ नाही, सळई शोधायची.

पेडलशिवाय मोटरीला दोनच गोष्टी येतात: गप्प बसणं आणि सुसाट सुटणं. शिवणाऱ्याला हवं असतं ते या दोहोंच्या मधलं. कॉलरच्या टोकाशी सुई कापडात रुतवून थांबायचं, कापड वळवायचं, मग दोनच टाके घालायचे. दोन्ही हात कापडात गुंतलेले, म्हणून वेगाचा कारभार पायाकडे. पंख्याचा रेग्युलेटर जोडून भागवणारे महाभागही असतात. पण सुई बोटावर आली की मशीन थांबवायला तिसरा हात आणायचा कुठून?

जुन्या पेडलचं पोट उघडून बघण्यासारखं असतं (प्लग काढून, हे सांगायला नकोच). कित्येकांत चिनीमातीच्या ठोकळ्यात कार्बनच्या पातळ चकत्यांची चळत असते. पाय दाबला की चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात, त्यांचा रोध घटतो आणि मोटरीला जास्त वीज मिळते. पूर्ण दाबलं की चकत्यांना वगळून वीज थेट मोटरीत. अडलेल्या विजेची उष्णता होते, त्यामुळे बराच वेळ सावकाश शिवत राहिलं की पेडल तळपायाला कोमट लागतं.

या चकत्यांची एक खोड आहे. जीन्सच्या दुमडीवर सुई अडली की मोटर जास्त वीज मागते. पण जास्त वीज ओढावी तितका तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, चकत्यांतच जास्त खर्ची पडतो, म्हणजे नेमकी जोर लागतो तेव्हाच मोटर हतबल. आपण पाय आणखी दाबतो, काही होत नाही, आणखी दाबतो, आणि मशीन एकदम उधळतं. म्हणून जुनी शिवणारी माणसं अशा जागी उजव्या हाताने चाकाला हलकेच रेटा देतात. नवं इलेक्ट्रॉनिक पेडल विजेच्या प्रत्येक लहरीचा थोडा भाग कापून उरलेला मोटरीला देतं. त्यात हा प्रकार बराच कमी होतो, संथ वेगातही मोटरीत जोर राहतो. हळू चालताना ती थोडी गुणगुणते, इतकंच.

दर्दी मंडळी मूळचंच पेडल हवं म्हणून हटून बसतात. मला ते पटत नाही. जुन्या वायरीचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. शिवाय काही पेडलांत रेडिओची खरखर टाळायला बसवलेला कपॅसिटर आतून शॉर्ट झाला, तर पाय न लावताच मशीन धावू लागतं. देखणं पेडल कपाटात ठेवावं, पायाखाली नवं घ्यावं.

घेताना मोटरीवरची पट्टी वाचायची: व्होल्ट किती, अँपिअर किती. पेडलची क्षमता त्या अँपिअरपेक्षा कमी नको. आणि ११० व्होल्टची मोटर २३० व्होल्टवर चालवायची तर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, ते काम पेडल करत नाही. खरी गंमत पिनांची. १९३३ साली आलेल्या सिंगर फेदरवेटसारख्या मशिनांना तीन पिना असतात: एक मोटरीची, एक दिव्याची, एक दोघांची सामाईक. कुठली कुठे, हे कंपनीगणिक बदलतं, आणि जुन्या वायरींच्या रंगावर भरवसा ठेवू नये. मल्टिमीटर लावून खात्री करावी. मोटर आणि दिव्याची अदलाबदल झाली, तर प्लग लावताच मशीन भरधाव सुटतं आणि पेडल दाबल्यावर दिवा मंद-प्रखर होत राहतो. पहिल्या चाचणीला म्हणूनच चाकाच्या मधला स्क्रू सैल करून ठेवावा. मोटर फिरते, सुई जागची हलत नाही.

नव्या पेडलबद्दल माझी तक्रार एकच. ते वजनाला इतकं हलकं असतं की फरशीवर पुढे पुढे सरकत जातं, आणि लांब शिवण संपेपर्यंत शिवणारा खुर्चीच्या कडेवर येऊन पायाने त्याचा पाठलाग करत असतो. खाली रबरी मॅटचा तुकडा टाकला की थांबतं.