स्पीड फुल, तरी गोल फिरतंय : आमची वाटचाल

आम्ही बार्शीत मूळचे केबलवाले. पोलवर चढायचं, सेट टॉप बॉक्स लावायचे, महिन्याला वसुलीला दारोदार हिंडायचं. इंटरनेट चालू केलं तेव्हा हिशोब एकच, जास्त एमबीपीएस दिलं की गिऱ्हाईक खूश. लोक पिक्चर बघायचे, दोन सेकंद थांबला तरी कुणी बोंब मारत नव्हतं.

मग दुकानादुकानात यूपीआय आलं. मार्केट यार्डाजवळच्या एका मेडिकलवाल्यांचा रोज संध्याकाळी फोन, "दादा, गोल फिरतंय, गिऱ्हाईक तोंडाकडं बघत उभंय." जाऊन स्पीडटेस्ट मारली की ५० चे ५० यायचे. मग ५० चा प्लॅन १०० चा करून दिला, पैसे वाढवून घेतले (आता लाज वाटते), अपलोड तेवढंच ठेवलं, आणि गोल फिरतंयच.

शेवटी एकदा लॅपटॉप घेऊन त्यांच्या काउंटरमागं स्टुलावर बसलो, पिंग लावून (डेटाचा छोटा तुकडा जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते बघणारी चाचणी). १२ मिलीसेकंद, १४, १२, आणि एकदम ८५०. बघतो तर त्यांचा पोरगा शेजारी बसून लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवतोय!

चूक आमचीच निघाली. पॅकेट ड्रॉप (डेटाचे तुकडे वाटेत टाकून दिले जाणं) दिसू नयेत म्हणून आम्हीच हौसेनं राउटरवर क्यू साइझ, म्हणजे रांगेत किती पॅकेटं थांबू शकतात ते, ५० वरनं ७०० करून ठेवलेली. दीड हजार बाइटची ७०० पॅकेटं म्हणजे १ एमबी, ती १० एमबीपीएसच्या अपलोडमधनं बाहेर पडायलाच ०.८ सेकंद, आणि पेमेंटचं एवढंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला. त्यात एक पेमेंट म्हणजे एक फेरी नसते, आधी डीएनएस (पत्ता शोधणं), मग टीसीपी (कनेक्शन जोडणं), मग टीएलएस (ते सुरक्षित करणं), मग खरी रिक्वेस्ट, दर फेरीला रांग नव्यानं.

राउटरचं सॉफ्टवेअर राउटर ओएस ७ वर नेलं आणि क्यू टाइप, म्हणजे रांग लावायची पद्धत, एफक्यू-कोडेल केला. त्यात प्रत्येक कनेक्शनची रांग वेगळी, थोडंच पाठवणाऱ्याला आधी सोडतात, आणि एखादी रांग ५ मिलीसेकंदाच्या वर तुंबूनच राहिली की पॅकेट फेकून द्यायला लागतात, म्हणजे पाठवणारा सावकाश होतो. व्हिडिओ चालू ठेवून पुन्हा पिंग, २० च्या आसपास.

पण रात्री ८ नंतर परत बोंब. दोन आठवडे डोकं खाजवलं तेव्हा कळलं, आमची १ जीबीपीएसची (१००० एमबीपीएस) मेन लाइनच भरतेय, रांग वरच्या प्रोव्हायडरच्या (ज्याच्याकडनं आम्ही लाइन घेतो) डब्यात लागतेय, तिथं आमचं काय चालणार? मग आम्हीच आमच्या राउटरवर ९५० एमबीपीएसला लगाम घातला, रांग आमच्याकडं आली.

मेडिकलवाल्यांचे जादा पैसे पुढच्या बिलात वळते केले. वायफायचं मात्र पुरतं जमलेलं नाही, औषधांच्या लोखंडी रॅकमागं फोन गेला की अजून फिरतंच. सध्या काउंटरखाली दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफायचा डबा) ठोकलाय.