प्लग बाहेर काढला की ठिणगी, बसवला की गायब

माझी क्वाड (चार चाकांची, हँडलची एटीव्ही) साधी आहे: एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, हाताचा क्लच, सेल्फ स्टार्ट. किक नाही. बिघाड हळूहळू आला. आधी सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागायला लागला. मग बॅटरी चार्जरवर लावून काढली तरच चालू व्हायची. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही: आयडल स्थिर, वरच्या आरपीएमलाही अडखळणं नाही. शेवटी एका सकाळी सेल्फनं अजिबात घेईना. उतारावरून दुसऱ्या गिअरमध्ये सोडली तर दहा पावलांत चालू.

ही सगळी लक्षणं मी त्याच वेळी नीट ऐकली असती तर पुढचे तीन आठवडे वाचले असते. पण मी स्पार्क प्लग काढला, त्याच्या वायरच्या कॅपमध्ये बसवला, इंजिनाला टेकवला आणि सेल्फ मारला. ठिणगी पडली. म्हणजे करंट येतोय, दोष पेट्रोलचा, असं ठरवून कार्ब्युरेटर उघडला. जेट स्वच्छ, फ्लोट ठीक. आणि प्लग तर दर वेळी पेट्रोलनं ओला निघत होता. पेट्रोल पोचत होतं, पेटत नव्हतं.

इथे माझं अर्धवट ज्ञान आडवं आलं. उघड्या हवेत ठिणगीला उडी मारायला जेवढं व्होल्टेज लागतं, त्याच्या कितीतरी पट दाबाखालच्या सिलिंडरमध्ये लागतं. म्हणून प्लग बाहेर ठिणगी देतो आणि आत देत नाही, असं खरोखर होतं. चांगल्या इग्निशनची ठिणगी टेस्टरवर उघड्या हवेत सहा मिलिमीटर तरी उडायला हवी. माझी उडत होती, तरी मी स्वतःला समजावलं की कमजोर असणार.

नवा प्लग घातला. फरक नाही. इग्निशन कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी) मोजली. तिची प्रायमरी, म्हणजे कमी व्होल्टेजची गुंडाळी, एका ओहमच्याही खाली असते, त्यामुळे आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून वायरचाच रेसिस्टन्स बघावा आणि तो वजा करावा. माझ्या मीटरच्या वायरच ०.३ दाखवतात. सेकंडरी, म्हणजे प्लगकडची गुंडाळी, कॅप काढून मोजायची, कारण कॅपमध्येच सहसा पाच हजार ओहमचा रेसिस्टर असतो. दोन्ही आकडे मॅन्युअलमध्ये दिलेल्या हद्दीत होते. तरीही कॉइल बदलली. आकडे बरोबर आहेत हे कळूनही पार्ट बदलणं याला काय म्हणावं? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काही नाही.

मग सीडीआय, म्हणजे कॉइलला ठिणगीसाठी झटका देणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स. कपलर सारखा, पिना सारख्या, म्हणून एक बॉक्स आणून लावला. आता बाहेरची ठिणगीही गेली! एका बिघाडाचे दोन झाले असं वाटून मी सगळं वायरिंग उलगडत बसलो. दोन दिवसांनी कळलं की आणलेला बॉक्स डीसी प्रकारचा होता. त्याला बॅटरीचे बारा व्होल्ट लागतात. माझ्या गाडीचा सीडीआय एसी प्रकारचा, त्याला मॅग्नेटजवळच्या (म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या, चुंबक बसवलेल्या फ्लायव्हीलजवळच्या) सोर्स कॉइलचं व्होल्टेज लागतं. कपलर जुळला म्हणजे बॉक्स जुळला असं नाही. वायरिंग डायग्राममध्ये सीडीआयला बॅटरीची वायर जाते की सोर्स कॉइलची, हे बॉक्स हातात घेण्याआधी बघायला हवं होतं. सुदैवानं काही जळलं नाही. जुना बॉक्स परत लावला आणि बाहेरची ठिणगी परत आली.

मग एका संध्याकाळी पार्टांना हात न लावता कागद घेऊन बसलो. बॅटरी नुसती १२.४ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.१, म्हणजे फार वाईट नाही. पूर्ण चार्ज असली की गाडी चालू होते. उतारावर होते. प्लग काढला की ठिणगी येते. या तिन्हींत सारखं काय? पहिल्या दोन्हींत इंजिन जोरात फिरतं, हे उघड आहे. आणि तिसऱ्यात? प्लग काढला की भोकातून कॉम्प्रेशन निघून जातं, तेव्हा सेल्फवर बोजाच नसतो. तिथेही इंजिन जोरात फिरतं!

म्हणजे माझी चाचणीच मला फसवत होती. ठिणगी बघायला प्लग काढायचो, आणि प्लग काढणं हाच तात्पुरता इलाज होता.

खात्री करायला दोन प्लग घेतले. मूळ प्लग सिलिंडरमध्येच घट्ट ठेवला. कॅपमध्ये दुसरा प्लग घातला आणि तो लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला क्लिपनं पक्का बांधला. पेट्रोलचा कॉक बंद केला. सेल्फ मारला: घर्र... घर्र... घर्र, आणि ठिणगी नाही. एकही नाही. मग मूळ प्लग सैल करून काढला, भोकाजवळ फडकं धरून आधीचं पेट्रोल बाहेर उडवून टाकलं, बाहेरचा प्लग भोकापासून शक्य तितका दूर ठेवला (त्या भोकातून निघणारी वाफ ठिणगीनं पेटते, ही काळजी खरंच घ्या) आणि परत सेल्फ मारला. टक-टक-टक, निळी ठिणगी. कॉइल तीच, सीडीआय तोच, बाहेरचा प्लग तोच, दाबाचा तर प्रश्नच नाही. बदलला होता फक्त वेग.

एक जाता जाता: कॅप उघडी लटकत ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ते हजारो व्होल्ट कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतात.

वेगावर अवलंबून काय असतं? मॅग्नेटजवळच्या दोन्ही कॉइल. सोर्स कॉइल सीडीआयमधला कपॅसिटर भरते. पिकअप, म्हणजे पल्सर कॉइल, फ्लायव्हीलवरचा उंचवटा समोरून गेला की छोटा झटका देते, आणि त्या झटक्यावर सीडीआय कपॅसिटर कॉइलमध्ये रिकामा करतो. झटका किती व्होल्टचा, हे उंचवटा किती वेगानं गेला आणि मधली फट किती, यावर ठरतं. ठरावीक पातळीखाली गेला तर सीडीआयला तो कळतच नाही. ठिणगी कमजोर होत नाही, सरळ नाहीशी होते.

आधी किल स्विचची वायर सीडीआयपाशी सुटी करून बघितली. एसी प्रकारात ती गाडीच्या धातूला टेकली (अर्थिंग झालं) की इंजिन बंद पडतं, त्यामुळे स्विचमधली थोडीशी गळतीही पुरते. फरक पडला नाही. सोर्स कॉइल सेल्फवर मीटरच्या एसी रेंजला पन्नास व्होल्टच्या आसपास देत होती, ती निर्दोष.

राहिला पिकअप. तो मी पहिल्याच आठवड्यात मोजला होता: मॅन्युअलमध्ये १०० ते १३० ओहम, माझा ११४. म्हणून त्यावर बरोबरची खूण करून मोकळा झालो होतो. खरी चूक ही. ओहममध्ये फक्त एवढंच कळतं की आतली तार तुटलेली नाही. ती तार मॅग्नेटसमोर नीट उभी आहे का, हे मीटरला काय माहीत? या वेळी पिकअपच्या वायरवर जुना सुईचा मीटर लावला. डिजिटल मीटर असे क्षणाचे झटके सरासरीत गिळून टाकतो. सुई निदान उडी मारते. काही उत्पादकांच्या मॅन्युअलमध्ये पिकअपला सेल्फवर किमान ०.७ व्होल्ट पीक (झटक्याचं क्षणभराचं सर्वांत जास्त व्होल्टेज) दिलेलं असतं, पण ते मोजायला पीक अडॅप्टर लागतो आणि माझ्याकडे तो नव्हता. सुईनं मला हवं ते सांगितलं: प्लग काढलेला असताना ती थडथडत होती, प्लग बसवून सेल्फ मारला तर जेमतेम हलत होती.

ऑइल काढलं, डाव्या बाजूचं कव्हर सोडलं. स्टेटर (वीज तयार करणाऱ्या कॉइलचा स्थिर संच) कव्हरला असतो आणि मॅग्नेट त्याला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे कव्हर निघायला तयार नसतं आणि मग एकदम निघतं. बोटं जपा. हातोडीनं ठोकू नका, फ्लायव्हीलला तर मुळीच नाही. आतले मॅग्नेट तडकतात किंवा सुटतात.

आत बघितलं आणि हसू आलं. माझ्या गाडीत पिकअप क्रँककेसला दोन स्क्रूंवर आहे. एक स्क्रू जवळजवळ सुटला होता, दुसरा सैल. पिकअप मागे कलला होता आणि त्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस दाढीसारखा चिकटला होता. उंचवटा समोर आणून फीलर गेज (फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) घातला: मोठ्यात मोठं पातं घालूनही जागा उरली, शेवटी तीन पाती एकत्र करून सुमारे दोन मिलिमीटर भरली. हवी होती साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. फ्लायव्हीलवर घासल्याची खूण नव्हती, नाहीतर पिकअपही गेला असता.

टोक पुसलं, स्क्रूंचे आटे ऑइल काढून कोरडे केले, थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावला, गेज मध्ये धरून आवळले. नवं गॅस्केट, ऑइल, कव्हर. बॅटरी मुद्दाम चार्ज केली नाही. सेल्फला बोट लावलं आणि दुसऱ्या फेऱ्यात इंजिन पकडलं.

दुसऱ्या दिवशी जुनी कॉइल परत लावली. गाडी चालू. जुना प्लग लावला, चालू. नवी कॉइल आणि तो डीसी बॉक्स आता फळीवर आहेत. बॉक्सवर मी मार्करनं मोठ्या अक्षरात ‘डीसी’ लिहून ठेवलंय.