आवक-जावकपासून सेवापुस्तकापर्यंत

2009 च्या जूनमध्ये वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करू लागले, तेव्हा ती जागा केवळ प्रवेशाच्या हंगामापुरती आणि ठोक मानधनाची होती. माझ्याकडे आवक-जावक नोंदवही दिली गेली. आलेल्या टपालावर शिक्का, क्रमांक व तारीख घालायची, ते प्राचार्यांसमोर ठेवायचे आणि शेरा होऊन आले की संबंधित टेबलावर पोहोचवायचे, एवढेच काम होते. मी मात्र टपाल नुसते नोंदवत नसे, वाचतही असे. विद्यापीठ, उच्च शिक्षण विभागाचे सहसंचालक कार्यालय, समाजकल्याण विभाग आणि आमची संस्था महाविद्यालयाकडे वर्षभरात काय काय मागतात आणि कोणत्या महिन्यात मागतात, हे मला त्या वहीने शिकवले.

2011 मध्ये एक लिपिक सेवानिवृत्त झाले आणि जागा रिकामी झाली. अनुदानित महाविद्यालयातील पद रिकामे झाले म्हणजे लगेच भरता येते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची यादी, तपासून घेणे, सहसंचालक कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात, निवड समिती आणि नंतर निवडलेल्या व्यक्तीच्या नेमणुकीला सहसंचालक कार्यालयाची वैयक्तिक मान्यता असा तो लांबलचक प्रवास असतो. एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम माझा झाला होता, इंग्रजी टंकलेखनाचे मिनिटाला 40 शब्दांचे प्रमाणपत्रही होते. मराठी 30 साठी मात्र मी सायंकाळी इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन बसले. या काळात मुख्य लिपिकांनी, ज्यांना सगळे मोठे भाऊसाहेब म्हणत, माझ्याकडून आवक-जावक काढून घेतली. मला ते फार लागले. "ज्या जागेसाठी अर्ज करणार, तिची फाइल तुमच्या हातून जायला नको, मॅडम," एवढेच ते म्हणाले. मुलाखतीला आलेल्या इतर उमेदवारांच्या रांगेत बसल्यावर त्यांचे म्हणणे मला पटले.

निवड झाली, पण मान्यता येईपर्यंतचे महिने वेतनाविना गेले आणि थकबाकी नंतर एकदम मिळाली. नव्याने येणाऱ्यांना मी आजही आधी हेच विचारते की मधल्या काळातील घरखर्चाची सोय आहे का. पहिले वेतन 5200-20200, ग्रेड पे 1900 या श्रेणीत निघाले. नियुक्ती 1 नोव्हेंबर 2005 नंतरची असल्याने जुने निवृत्तिवेतन मला लागू नव्हते, हेही त्याच वेळी नीट समजून घेतले.

परीक्षा विभागात माझ्या हातून एक चूक झाली. परीक्षा अर्ज तपासताना एका विद्यार्थिनीच्या ऐच्छिक विषयाचा सांकेतांक मी दुसऱ्याच विषयाचा राहू दिला आणि प्रवेशपत्र आल्यावर ते उघडकीस आले. प्राचार्यांचे पत्र घेऊन मी स्वतः विद्यापीठात गेले, दुरुस्ती करून आणली आणि ती मुलगी पेपरला बसली. तेव्हापासून विद्यार्थ्याला समोर बसवून, त्याच्याच तोंडून विषय वाचून घेतल्याशिवाय मी अर्ज पुढे पाठवत नाही. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

शिष्यवृत्तीचे टेबल माझ्याकडे असताना, 2017-18 मध्ये, महाडीबीटी हे शिष्यवृत्तीची रक्कम थेट बँक खात्यात देणारे राज्य शासनाचे संकेतस्थळ आले. त्याआधी अर्जांचे गठ्ठे बांधून नेण्यात अंगमेहनत होती. आता अडचणी संगणकाच्या पडद्याआड गेल्या. अर्ज मंजूर दिसे, पण पैसे आलेले नसत. हळूहळू उलगडा झाला की रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असे नाही. आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात ती जाते आणि ते खाते पुष्कळदा वडिलांनी गॅसच्या अनुदानासाठी किंवा कुठल्या योजनेसाठी उघडून दिलेले, विसरलेले असते. मग मी अर्ज पडताळण्याआधीच प्रत्येकाला आधारशी कोणती बँक जोडली आहे ते पाहून यायला सांगू लागले. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र यांच्या मुदतीही मी प्रवेशाच्या वेळीच पाहून ठेवत असे. या टेबलावर कोणी बसू इच्छित नाही, पण माझ्या मते सर्वांत समाधान देणारे टेबल तेच आहे, कारण येथे कामाचे फळ खिडकीपाशी येऊन सांगते.

वरिष्ठ लिपिक झाल्यावर माझ्याकडे कर्मचाऱ्यांच्या सेवेची कामे पाहणारा आस्थापना विभाग आला आणि मी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींची 1984 ची प्रमाण संहिता, 1981 चे रजा नियम आणि 1982 चे निवृत्तिवेतन नियम वाचायला घेतले. कार्यालयात पुष्कळसे ज्ञान "आपल्याकडे असेच करतात" या वाक्यात साठवलेले असते. ते वाक्य ऐकले की मी नियम उघडते. कधी रूढी बरोबर निघते, कधी नाही.

आमचे एक शिपाई मामा वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होणार होते. दीड वर्ष आधी त्यांचे सेवापुस्तक, म्हणजे नोकरीतील सगळ्या नोंदींची वही, चाळताना 1990 च्या दशकातील सलग तीन वर्षांच्या सेवा पडताळणीची, म्हणजे त्या काळात ते सेवेत होते हे तपासल्याची, नोंदच नसल्याचे दिसले. ती तशीच राहिली असती, तर त्यांचे निवृत्तिवेतन प्रकरण त्रुटी लागून परत आले असते. मामा आणि मी मिळून अभिलेख खोलीतील जुनी वेतन देयके काढली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, तरी छत्तीसपैकी पस्तीस महिने सापडले आणि उरलेल्या एका महिन्याला भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीचा आधार मिळाला. नोंद झाल्यावर मामांनी त्या पानावर बोट ठेवून विचारले, "म्हणजे मी त्या तीन वर्षांत होतो ना?"

2023 मध्ये मी मुख्य लिपिक झाले. वार्षिक वेतनवाढीच्या नोंदी घेऊन झाल्या की जुलैमध्ये मी प्रत्येक कर्मचाऱ्याला बोलावून सेवापुस्तक वाचायला देते आणि पाहिल्याची सही घेते. नियमात ते आहेच, पण फारसे पाळले जात नाही. पहिल्याच वर्षी एका सहकाऱ्याच्या जन्मतारखेत महिना चुकलेला निघाला. त्याला रुजू होऊन तीनच वर्षे झाली होती आणि दुरुस्तीच्या अर्जाची पाच वर्षांची मुदत शिल्लक होती, म्हणून त्याच आठवड्यात त्याचा अर्ज गेला.