खंडेनवमीचा हार आणि सांगलीतला रोबो वाढपी

खंडेनवमीला सांगलीत होतो. गणपती मंदिर, हरिपूरचा संगम, मिरजेतली सतारमेकर गल्ली हे सगळं दुपारपर्यंत उरकलं. लक्षात राहिला तो मिरज रस्त्यावरच्या एका हॉटेलातला रोबो.

तीन ट्रे, वर स्क्रीन, खाली चाकं. आत ताट ठेवायचं, टेबलाचा नंबर दाबायचा, की गडी निघाला. त्या दिवशी मात्र निघेना. मालकांनी पूजेत घातलेला झेंडूचा हार पार खाली लोंबत होता. खालच्या अंगाला एक अरुंद फट असते, तिथून लेसर समोरचं अंतर मोजतो. हाराचं टोक फटीपुढे आलं की यंत्राला वाटतं समोर कुणीतरी उभं आहे. ते जागचं हलत नाही. त्यात कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकवाचं बोट. पोऱ्या आपला बंद-चालू, बंद-चालू करतोय. त्यानं काय होणार? हार मागच्या खांबाला बांधायचा, कुंकू पाठीला लावायचं, काच मऊ कोरड्या फडक्यानं पुसायची, झालं. हार काढूनच टाका, असं मात्र कुणी म्हणालं नाही. बरोबरच आहे. जपानात इसुमीच्या कोफुकुजी मंदिरात बंद पडलेल्या आयबो यंत्रकुत्र्यांचे अंत्यविधी झालेत, मग सांगलीत हार का नको?

खरी पंचाईत पुढे. रोबो टेबलापाशी येऊन बोलला, "आपली ऑर्डर आली आहे. कृपया ट्रेमधून उचलून घ्या." शेजारच्या आजी हात मांडीवर ठेवून शांत. पाहुण्यानं स्वतः उचलून घ्यायचं ही कुठली रीत! ठरलेली वेळ संपली आणि रोबो पिठलं-भाकरीसकट माघारी.

"काय ओ, वाढणार हाय का न्हाई कोण?" आजींनी थेट गल्ल्यावर विचारलं.

2009 साली चिनी आणि जर्मन लोकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोबो सल्ला कधी थेट द्यायचा, कधी आडवळणानं. आडवळणाचा रोबो चिनी लोकांना जर्मनांपेक्षा जास्त आवडला, त्याचा सल्लाही त्यांनी जास्त मानला. सांगलीकर बोलायला रोखठोक, म्हणजे जर्मनांच्या पंगतीतले म्हणाल. पण पानावर बसले की दोनदा 'नको' म्हटल्याशिवाय भाकरी घ्यायचे नाहीत. तिथं आग्रहच लागतो, आणि यंत्र पहिल्याच गप्प बसण्याला नकार समजतं.

उपाय सेटिंगमध्येच आहे. टेबलापाशी थांबायची वेळ दुप्पट करायची. ते हुकमी वाक्य काढून "गरम भाकरी आणलीया, घ्या की" असं गावातल्याच कुणाच्या तरी आवाजात भरायचं. माघारी फिरण्याआधी आणखी एकदा विचारायला लावायचं. आणि वयस्कर मंडळी असतील तिथं रोबोनं नुसतं वाहून आणावं, पानात माणसानं वाढावं. मालक म्हणाले, "मग रोबो घेतला कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण आजींची भाकरी तोवर गार झाली होती.