शुगर कंट्रोलमध्ये

"शुगर कंट्रोलमध्ये आहे? मग अवघड आहे, ताई."

हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवरचा (म्हणजे मेडिक्लेमची कागदपत्रं बघणारा) मुलगा माझा रिपोर्ट उलटसुलट करून बघत होता. जणू मागच्या बाजूला एखादा वाईट आकडा लपलाय.

वजन घटवायच्या बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीच्या क्लेमला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, किमान 40 हवा. 35 किंवा वर असेल तर सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला डायबेटिस हवा. माझा 37. वर डाएट, व्यायाम करूनही वजन उतरलं नाही याचा पुरावा आणा म्हणे. ठाण्याच्या तलावपाळीला वर्षभर मारलेल्या फेऱ्यांची पावती कोण देतं? (मासुंदा तलावाला साक्षीला उभा करू?)

घरी येताना गोखले रोडवर मिठाईच्या दुकानापाशी पाय आपोआप थांबले.

पाव किलो जिलेबी घेतली तर फाईल पुढे सरकेल का हो?